चिखलाच्या दिवसांतली स्वच्छ कुत्री

मार्च-एप्रिलात मिशिगनमध्ये कुणाचं कुत्रं स्वच्छ दिसलं, की मला आधी संशय येतो. बर्फ वितळत असतो, पण खालची जमीन अजून गोठलेलीच असते, त्यामुळे पाण्याला मुरायला जागा नसते. सगळं अंगण सारवायला कालवलेल्या शेणासारखं होऊन बसतं. नुसतं दारातून जाऊन आलेलं कुत्रंसुद्धा पोटापर्यंत माखून येतं. त्यात आमची कुत्री पांढरी. शेल्टरमधून आणताना आमचे चिरंजीव त्या पांढऱ्या रंगावर भाळले होते. आता ते कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये मजेत आहेत आणि पांढरा रंग आमच्या गळ्यात पडला आहे.

तर त्या वर्षी, ऐन चिखलात, आमची कुत्री रोज तळ्याकाठून फिरून यायची आणि धुतल्या तांदळासारखी दिसायची. तिला फिरवायला नेत होते माझे बाबा. आणि बाबांवर माझं लक्ष होतं.

लक्ष असायला कारण होतं. बाबा दिवाळी झाल्यावर सांगलीहून आमच्याकडे, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी, आले होते आणि मे महिन्यात त्यांचं परतीचं तिकीट होतं. आई गेल्यापासून ते सांगलीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. बंगलोरचा माझा भाऊ आणि मी, आम्ही दोघांनी फोनवर परस्पर ठरवून टाकलं होतं की आता त्यांना एकटं पाठवायचं नाही. व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज करायचा, पुढचं पुढे बघू. हे मी जानेवारीत त्यांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "मी मेमध्ये जाणार," एवढंच म्हणाले.

"तिकडे पडलात-बिडलात तर कोण बघणार?" मी विचारलं. हा माझा हुकमी प्रश्न होता.

मग त्यांनी एक सौदा काढला. चिखलाचे दिवस आले की कुत्रीवरून आमच्या घरात रोज कटकट होते, हे त्यांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "हा चिखलाचा सीझन मी सांभाळतो. फिरवणं, धुणं, पुसणं, सगळं माझ्याकडे. नीट जमलं तर मुकाट्याने मला विमानात बसवायचं. नाही जमलं तर तू म्हणशील तिथे राहीन."

मी लगेच हो म्हटलं. जमणार नाही याची मला खात्री होती, म्हणूनच म्हटलं.

इथे माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर मी स्वभावानेच खाष्ट आहे असा समज होईल. गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांची क्वालिटी तपासणं हे माझं काम. म्हणजे संशय घ्यायचे मला पैसे मिळतात. खराब माल आला तर तो पकडायला अक्कल लागत नाही. पण एखाद्या कंपनीकडून सगळाच्या सगळा माल अगदी बिनचूक यायला लागला, की आम्ही सावध होतो. याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की तिथे कुणी मोजतच नाहीये. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस घरी येताना डोकं ऑफिसात ठेवून येऊ शकत नाही.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मी बाबांना माझी पद्धत समजावून दिली. मागच्या दाराने आत यायचं. कपडे धुण्याच्या खोलीत तो खोल टब आहे, त्यात कोमट पाणी घ्यायचं. पंजे धुवायचा तो रबरी दात्यांचा पेला, त्यात एकेक पाय घालून फिरवायचा. बोटांच्या मधले केस कापून आखूड ठेवायचे, कारण चिखलाच्या गोळ्या तिथेच बनतात. मग टॉवेलने पोट, मांड्या, शेपटी. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि निम्मं बाजूला सारलं. जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला. चिखल त्यांना मी शिकवणार होते! पेला त्यांनी पहिल्याच दिवशी फडताळात टाकला. टॉवेलही नापसंत केले. "हे जाड टॉवेल पाणी पितात आणि बसून राहतात," म्हणून आपला जुना पंचा त्यांनी कुत्रीला देऊन टाकला. ते तिला बाईसाहेब म्हणायचे. "बाईसाहेब, उजवा पाय," म्हटलं की ती खरोखरच पाय पुढे करायची. माझ्यासाठी तिने हे कधी केलं नव्हतं.

तेव्हा टबात चिखलाची तपकिरी रेघ उमटायची, पंचा दांडीवर ओला लोंबत असायचा आणि कुत्री पंचाण्णव टक्के स्वच्छ असायची. उरलेलं पाच टक्के कार्पेटवर सापडायचं. हे सगळं हिशेबात बसत होतं.

मग एके दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर टब कोरडा. पंचा कोरडा. आणि कुत्री चकाचक. बोटांच्या मधे हात घालून पाहिलं, तर तिथेही कण नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पाऊस होता, तरी तेच. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मी नवऱ्याला सांगितलं. तो लॅपटॉपवरून मान न हलवता म्हणाला, "अगं, कुत्रा क्लीन येतोय यार. आता यात काय प्रॉब्लेम आहे तुला?"

"टब कोरडा आहे," मी म्हटलं.

"मग टबचा फोटो काढ आणि सप्लायरला मेल कर," तो म्हणाला. या माणसाशी मी यापुढे हा विषय काढला नाही.

माझा पहिला अंदाज असा की बाबा तिला फिरवतच नाहीत. अंगणात उभं करून आत आणतात. पण मग पट्ट्याला चिखल कुठून लागला? पट्ट्याचं टोक ओलं आणि मातकट होतं. दुसरा अंदाज, फक्त फुटपाथने जातात. बाबांना विचारलं तर तेही हेच म्हणाले. "रस्ता बदललाय हल्ली," असं म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. माझे बाबा खोटं बोलायला लागले की आवाज वाढवतात, स्वतःचा किंवा टीव्हीचा. शिवाय तळघरात त्यांची पँट दोरीवर वाळत होती. स्वतःचे कपडे स्वतः धुवायची त्यांची सवय जुनी आहे. कपड्याच्या साबणाच्या वड्या ते सांगलीहून बॅगेत घालून आणतात. पण एरवी बनियन आणि रुमाल. पँट नाही. पाणी कुठेतरी मुरत होतं, निदान घरात तरी.

शेवटी एका दुपारी घरून काम करत असताना मी वरच्या खोलीच्या खिडकीशी उभी राहिले. मीटिंग चालू होती. कॅमेरा बंद करून मी पडद्याच्या फटीतून बघत होते. बाबा आणि कुत्री तळ्याकडे गेले. फुटपाथने नव्हे, सरळ चिखलातून. पुढे झाडांची रांग आहे, तिथे दिसेनासे झाले. बऱ्याच वेळाने परत आले ते तळ्याकडून नाही, तर मागच्या शेजाऱ्याच्या गराजच्या बाजूने. कुत्री पांढरीशुभ्र.

या शेजाऱ्याबद्दल माझं मत आधीच वाईट होतं. एकटाच राहणारा, रिटायर झालेला गोरा माणूस. त्याचं गवत गालिच्यासारखं. मागच्या हिवाळ्याआधी आमच्या कुत्रीने त्याच्या गवतात एक खड्डा उकरला होता, तेव्हा तो दार वाजवून, अगदी सभ्यपणे, सांगून गेला होता. अशा सभ्यपणाची मला जास्त भीती वाटते. त्यानंतर आमचं बोलणं हात हलवण्यापुरतं उरलं होतं. आता या माणसाकडे बाबांचं काय काम? बाबांचं इंग्रजी कामापुरतं; त्याला मराठी येण्याचा प्रश्नच नाही. तो माझ्या भोळ्या बापाला काहीतरी पटवतोय, असं मला वाटायला लागलं. काय पटवतोय ते मला माहीत नव्हतं, पण वाटत मात्र होतं.

त्यातच तो शुक्रवार आला. त्या दिवशीही मी घरूनच काम करत होते. दुपारी मीटिंगा संपवून खाली आले, तर कुत्री स्वयंपाकघराच्या दारात पसरली होती. नेहमीसारखी स्वच्छ. पण गळ्याखाली आणि एका कानावर पिवळे डाग. फिके नव्हेत, चांगले गडद. मी बोट फिरवलं, तर केसांच्या मुळापर्यंत पिवळं. बाबा वर आपल्या खोलीत झोपले होते, म्हणजे खोलीचं दार बंद होतं.

मला एका क्षणात सगळं कळलं. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. वसंतात इथे गवतावर औषधं मारतात, तण मारायला, खत म्हणून. पिशव्यांवर लिहिलेलं असतं की वाळेपर्यंत कुत्र्यांना लांब ठेवा. या माणसाने आमच्या कुत्रीला लांब ठेवायला काहीतरी जहाल मारलं असणार आणि ती त्यात लोळली असणार. किंवा याहून वाईट म्हणजे त्याने मुद्दामच तिला माखलं असणार. आता ती चाटणार. तिला काही झालं तर मी मुलाला काय तोंड दाखवू? मी आधी डागांचे फोटो काढले, पुरावा म्हणून, आणि मग चिखलातून तशीच त्याच्या दारात गेले.

तो गराजमध्येच होता. मी विचारलं, गवतावर काय मारलंत? तो म्हणाला, काहीच नाही, जमीन अजून ओली आहे, इतक्यात कुणी मारत नाही. मी फोटो दाखवला. त्याने चष्मा लावून नीट बघितला आणि मान हलवली. मग माझ्या खांद्यावरून आमच्या घराकडे बघत त्याने विचारलं, "तुमचे वडील कसे आहेत?"

मी कुत्रीबद्दल विचारतेय आणि हा बाबांची चौकशी करतोय. वर नजरही देत नाही. खाई त्याला खवखवे, असं मनात म्हणत मी त्याला सांगितलं की माझे वडील ठणठणीत आहेत आणि कुत्रीला काही झालं तर मी गप्प बसणार नाही. त्याच्या गराजमधल्या सिंकला लांब नळी लावलेली होती आणि खाली फरशी ओली होती, तेही मी लक्षात ठेवलं.

घरी येऊन डॉक्टरांकडे फोन केला. त्यांनी घेऊन या म्हणून सांगितलं, पण आधी जे काही लागलंय ते धुऊन काढा, चाटू देऊ नका. मी कुत्रीला टबात उभं केलं. शाम्पूची बाटली उघडली तर रिकामी. आता नवीन शोधत कोण बसणार? टबाच्या कडेला बाबांच्या साबणाची वडी होती. मी तीच तिच्या गळ्याला घासली.

डाग लाल झाला.

पिवळ्याचा लाल, बघता बघता, कुंकवासारखा. माझ्या तोंडातून किंकाळी निघाली. रक्त! कातडी जळली! मी नळ सोडला, दोन्ही हातांनी केस बाजूला केले. खाली कातडी गुलाबी, कोवळी, एक ओरखडाही नाही. कुत्री शांतपणे माझं कोपर चाटत होती. मी पुन्हा साबण लावला, पुन्हा लाल. पाणी टाकलं, पुन्हा पिवळं. आणि मग डोक्याच्या आधी माझ्या हातांना कळलं. हे मी हजार वेळा केलं आहे. सासरी-माहेरी, इथे-तिथे, स्वयंपाकघरातला प्रत्येक फडका, प्रत्येक नॅपकिन साबण लागला की असाच लाल होतो. तुमच्याही घरी होतो.

हळद.

जन्मभर हळदीत हात घालणारी मी, ती पांढऱ्या कुत्रीवर दिसली तर विष समजून शेजाऱ्याच्या दारात भांडायला गेले होते. पण तेव्हा मला त्याची लाज वाटायला वेळ नव्हता, कारण पुढचा प्रश्न लगेच समोर उभा राहिला. कुत्रीला हळद कुठून लागली? माझ्या स्वयंपाकाला त्या दिवशी सुट्टी होती. मी ओल्या हातांनी मसाल्याचा डबा उघडला. हळदीची वाटी जवळजवळ रिकामी होती आणि डब्याच्या झाकणावर पिवळी बोटं उमटलेली होती. आमच्या माणसांना हळदीची चिमूट लागते भाजीला. मूठभर लागते ती जखमेत भरायला.

मी डॉक्टरांना फोन करून नाही येत म्हणून सांगितलं आणि वर गेले.

बाबा झोपले नव्हते. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. डावा हात शालीखाली होता. "हात दाखवा," मी म्हटलं. "कशाला?" ते म्हणाले, आणि टीव्ही नव्हता म्हणून स्वतःचाच आवाज वाढवला. मी शाल बाजूला केली. तळवा मनगटापर्यंत सोललेला, वर हळदीचा थर, त्यावर रुमाल गुंडाळलेला. रुमालाखाली हळद आणि रक्त एक झालं होतं.

"कधी?"

"आज. तळ्याजवळ. खाली बर्फ होता, वर चिखल. दिसलं नाही."

"आणि आधी?"

त्यांनी शाल पुन्हा हातावर ओढली. मग म्हणाले, "मार्चमध्ये. तेव्हा कंबर धरली. टबात वाकताच येईना. तो मागचा माणूस चांगला आहे गं. त्यानेच उठवलं तेव्हा. त्याच्या गराजमध्ये गरम पाण्याची नळी आहे, उभ्याउभ्या बाईसाहेबांचे पाय धुता येतात. तो म्हणाला, रोज या. मी त्याला म्हटलं, डॉटर नो टेल. त्याने नाही सांगितलं."

म्हणून तो नजर देत नव्हता. मी पलंगाच्या कडेवर बसले. मला राग आला होता, खूप राग आला होता, आणि कुणावर ते मला ठरवता येत नव्हतं. शेवटी माझा हुकमी प्रश्न माझ्या तोंडी आलाच. "बघितलंत ना? इथे माणसं होती म्हणून निभावलं. हेच सांगलीत झालं असतं तर?"

"सांगलीत झालं असतं तर बोंब मारली असती," बाबा म्हणाले. "अख्खी बिल्डिंग धावली असती. समोरच्या काकूंनी आधी शिव्या दिल्या असत्या, मग रिक्षा आणली असती."

"मग इथे का नाही मारली?"

ते खिडकीबाहेर बघत होते. तिथून तळं दिसतं, झाडांची रांग दिसते. माझ्या कामाच्या खोलीची खिडकीही त्याच बाजूला आहे. "आज पडलो तिथून तुझी खिडकी दिसत होती," ते म्हणाले. "तू उभी होतीस. कानाला ते लावून बोलत होतीस कुणाशी तरी. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी झाडामागे सरकलो, तुला दिसू नये म्हणून. बसून राहिलो चिखलात. बाईसाहेब भुंकायला लागल्या तर त्यांचं तोंड धरलं. मग तो आला."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माझा बाप, हात सोललेला, थंडगार चिखलात बसून कुत्रीचं तोंड दाबून धरतोय, कारण माझी खिडकी जवळ आहे. तिकडे पडलात तर कोण बघणार, असं मी त्यांना विचारत होते, आणि इथे मी बघीन या भीतीने ते लपून बसले होते. रडू आलं मला. त्यांच्यासमोरच रडले.

मग उठले, कोमट पाणी आणलं, हळद हलक्या हाताने धुऊन काढली. जखम खोल नव्हती. औषध लावलं, पट्टी बांधली. ते लहान मुलासारखे दुसरीकडे बघत बसले होते. पट्टीची गाठ मारताना मी म्हटलं, "तिकीट आहे तसंच राहू दे. मेमध्ये जा तुम्ही."

ते खूश होतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. हा स्वभाव मला कुणाकडून मिळाला ते तेव्हा कळलं. "सौद्यात तर मी हरलो," ते म्हणाले. "आणि पडलो तर?"

"तर हाक मारा. काकूंना मारा, वॉचमनला मारा, कुणालाही मारा. आणि मग मला फोन करा. मी रागावणार नाही."

"रागावशील," बाबा म्हणाले.

"रागावेन," मी म्हटलं. "तरी करा."